कौतिक अजून पडद्यावर यायची आहे

यवतमाळला १९७३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते. गदिमा घराघरांत पोचले ते कवी म्हणून, पण त्यांचा संसार चालला सिनेमावर. कथा, पटकथा, संवाद, गाणी, वेळ पडली तर पडद्यावर एखादी भूमिका, सगळं त्यांनी केलं. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा त्यांची. १९६१ चा ‘प्रपंच’ हा चित्रपट आणि त्यांची ‘आकाशाची फळे’ ही कादंबरी यांचं कथानक एकच. पुस्तक आणि पडदा यांच्यामध्ये आयुष्यभर ये-जा करणारा माणूस कापसाच्या जिल्ह्यात साहित्याचा अध्यक्ष म्हणून आला होता.

त्यानंतर पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, संमेलन पुन्हा यवतमाळात आलं. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या, पण गाजलं ते उद्घाटन. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, महाराष्ट्रभर वाद पेटला, आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. नवऱ्याने आत्महत्या केल्यावर संसार एकटीने ओढणारी ही बाई ‘तेरवं’ या नाटकात कामही करत होती. नाटक श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापे यांनी बसवलेलं, आणि त्यात शेतकऱ्यांच्या विधवाच रंगमंचावर उभ्या राहत. २०२४ मध्ये इथापे यांनीच ‘तेरवं’ पडद्यावर आणलं.

हा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो इथे क्वचित घडतो. यवतमाळ जिल्हा पडद्यावर येतो तो बहुधा बातमीतून. मिखा पेलेड या दिग्दर्शकाचा ‘बिटर सीड्स’ (२०११) हा माहितीपट तेलंग टाकळी या गावातला, बीटी कापूस आणि कर्जाच्या चक्राचा. पी. साईनाथांच्या वार्तांकनामागे फिरणारा दीपा भाटियांचा ‘नीरोज गेस्ट्स’ विदर्भातच हिंडतो. पांढरकवड्याच्या जंगलातली टी-१ वाघीण, लोकांच्या तोंडची अवनी, हिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात तिला गोळी घातली गेली. मागे दोन बछडे राहिले. या प्रकरणाची सावली घेऊन विद्या बालनचा ‘शेरनी’ २०२१ मध्ये आला. चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशात, बालाघाटकडच्या जंगलात झालं.

यातलं काही खोटं नाही, काही वाईटही नाही. पण एखाद्या मुलखाची ओळख फक्त आपत्तीतून होत राहिली, की तिथे माणसं भांडतात, लग्नं जमवतात, पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लावतात, नातलगाच्या पाठीमागे त्याची नक्कल करतात, हे बघणाऱ्याच्या डोळ्यांआड जातं. बातमीत माणूस येतो तो त्याच्या शेवटच्या दिवशी. कादंबरीत त्याच्या मागची वीस वर्षंही असतात. आणि वऱ्हाडात अशा कादंबऱ्या, कथा, नाटकं मुबलक आहेत. त्यातल्या कुठल्या पडद्यावर याव्यात, आणि कुठल्या पुस्तकातच बऱ्या आहेत, हे जरा उलगडून पाहू.

चांगलं पुस्तक म्हणजे चांगला सिनेमा, हा हिशेब चुकीचा आहे. पटकथा लिहिणारे ढोबळमानाने एक पान म्हणजे एक मिनिट धरतात. दोन तासांच्या चित्रपटाला साधारण एकशेवीस पानं मिळतात, तीही अर्धी कोरी. तीनशे पानांची भरगच्च कादंबरी त्यात बसवायची तर दोन तृतीयांश माणसं घराबाहेर काढावी लागतात. म्हणून पुष्कळदा लहान कथा मोठ्या कादंबरीपेक्षा सिनेमाला सोयीची पडते. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथाच होती. विजय तेंडुलकरांनी तिच्यात हवा भरली, भोवतालचं शहर उभं केलं, दिलीप चित्र्यांची कविता आली, आणि गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) झाला. उलट दिशेचं उदाहरण ‘सिंहासन’चं. अरुण साधू हे मूळचे परतवाड्याचे, म्हणजे आमच्याच वऱ्हाडातले. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा त्यांच्या दोन कादंबऱ्या मिळून जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये एक चित्रपट केला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. इतक्या मंत्र्यांच्या, युनियनवाल्यांच्या, स्मगलरांच्या गर्दीत प्रेक्षक हरवू नये म्हणून दिगू टिपणीस हा पत्रकार धाग्यासारखा सगळ्यांमधून ओवला गेला. निळू फुले नुसते बघत राहतात, आणि आपण त्यांच्या डोळ्यांनी बघतो.

सिनेमाला लागतं ते हे, कुणाच्या डोळ्यांनी बघायचं याचं उत्तर. आणि दुसरं, मनातली गोष्ट हातापायांतून दिसण्याची सोय. मराठीत ‘कशावर चित्रपट व्हायला हवा’ असा विषय निघाला की पहिलं नाव ‘कोसला’चं येतं. माझं मत विचाराल तर ‘कोसला’ला हात लावू नये. पांडुरंग सांगवीकरची गंमत तो काय करतो यात नाही, तो ते कसं सांगतो यात आहे. ती तिरकी, स्वतःवरच हसणारी वाक्यं काढली, की उरतो पुण्यात नापास होऊन गावी परतलेला एक मुलगा. असे शंभर मुलगे पडद्यावर येऊन गेले. निवेदकाचा आवाज पार्श्वभूमीला ठेवून दोन तास काढता येत नाहीत. ‘शाळा’चं जमलं, कारण मिलिंद बोकिलांच्या मुकुंदाच्या मनात जे चालतं ते वर्गाच्या बाकांवर, गच्चीत, रस्त्यावर घडतही असतं. सुजय डहाकेंच्या त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि अविनाश देशपांडे यांना रूपांतरित पटकथेचाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे. महेश एलकुंचवारांचा जन्म १९३९ चा, पारव्याचा. पारवा हे यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. मराठी नाटकात विदर्भातला वाडा ज्याने कायमचा उभा केला तो लेखक या मातीतला, आणि सिनेमाशी त्याची गाठही लवकर पडली. १९८४ या एकाच वर्षी त्यांच्या दोन नाटकांचे चित्रपट आले. केतन मेहतांचा ‘होली’ हा कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका दिवसाचा. त्यात आमिर खान, आशुतोष गोवारीकर अशी पुढे नावारूपाला आलेली पोरं दिसतात. दुसरा निहलानींचा ‘पार्टी’, ज्याची पटकथा स्वतः एलकुंचवारांनी लिहिली. दमयंती राणेंच्या बंगल्यातली एक संध्याकाळ, पुरस्कार मिळालेला नाटककार, भोवती दारूचे पेले घेऊन कलेवर बोलणारी माणसं, आणि सगळ्यांच्या बोलण्यात असलेला पण तिथे नसलेला कवी अमृत. एक घर, एक रात्र, एवढ्यावर चित्रपट उभा राहतो हे या दोघांनी दाखवून दिलं.

‘होली’ आणि ‘पार्टी’ दोन्ही शहरी आहेत. ज्या नाटकात वऱ्हाड आहे त्या ‘वाडा चिरेबंदी’च्या वाट्याला मोठा पडदा आला नाही. विजया मेहतांनी १९८५ मध्ये ते रंगमंचावर आणलं आणि दोन वर्षांनी त्यावर हिंदीत ‘हवेली बुलंद थी’ हा दूरदर्शनपट केला. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटकं आली. चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही मिळून सलग नऊ तासांचा प्रयोग १९९४ मध्ये केला. नाट्यप्रेमींनी तो दिवसभर बसून पाहिला. पण धरणगावच्या देशपांड्यांचा तो वाडा मराठीत, चित्रपट म्हणून, खऱ्या भिंतींत बघायची हौस अजून शिल्लक आहे.

त्यात कॅमेऱ्यासाठी काय नाही? तात्याजी गेलेत, तेराव्याच्या तयारीसाठी घर भरलंय, आणि खर्च कोणी करायचा यावर दोन भावांत कुरबुर चाललीय. मुंबईला नोकरी करणारा सुधीर, त्याची कोकणातली बायको अंजली, गावी राहून वाडा सांभाळणारा भास्कर आणि वहिनी, शिकायचं राहून गेलेली प्रभा, सगळ्यांची कामं उपसणारा चंदू, सिनेमाच्या नादात वाहत चाललेली रंजू. बाहेर अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. नाटकात तो बोलण्यातून कळतो, आणि जो कोणी घरात येतो तो त्याला ठेचकाळतो. चित्रपटात त्याच ट्रॅक्टरवर सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, रात्रीचा कंदील पडताना दाखवता येईल. संवादाला हातही न लावता प्रेक्षकाला कळेल की या घरात कुणी काही दुरुस्त करत नाही.

आणि तो दागिन्यांचा प्रसंग. मध्यरात्री वहिनी घराण्याचे ठेवणीतले दागिने एकेक करून अंगावर घालते. एवढंच. रंगमंचावर हा क्षण लांबून पाहायचा असतो, आणि नटीच्या उभं राहण्यातूनच त्याचा भार कळतो. कॅमेरा तिथे जवळ जाऊ शकतो: शेणाने, राखेने राठ झालेल्या बोटांवर, गळ्यात सोनं टेकलं तेव्हा आत ओढलेल्या श्वासावर. मग तेच सोनं घेऊन रंजू पळून जाते, शिकवणीच्या मास्तराबरोबर. सिनेमाच्या वेडापायी घरातून निघालेल्या मुलीची ही गोष्ट सिनेमातच सांगायची, यातली गंमत एखाद्या चांगल्या दिग्दर्शकाच्या हातून सुटणार नाही.

नाटकाचा सिनेमा करताना एक धोका असतो. दिग्दर्शकाला वाटतं, आता भिंती मोकळ्या झाल्या, बाहेर पडू. मग शेत येतं, नदी येते, गाण्याला जत्रा येते. ‘वाड्या’त बाहेर पडलं की संपलं. त्यातली घुसमट ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि कोठा यांच्यातल्या ये-जा करण्याने तयार होते. बाहेर जायचं ते दोनदाच: सुधीर एसटीतून उतरतो तेव्हा, आणि शेवटी परत जातो तेव्हा. ‘पार्टी’ने हे भान राखलं होतं.

वाडा हे वरच्या घराचं चित्र झालं. खालच्या घराचं चित्र उद्धव शेळक्यांनी काढलंय, आणि माझ्या यादीत पहिलं नाव त्याचंच. ‘धग’ १९६० मध्ये आली. शेळके अमरावतीचे, लिखाणावर पोट भरणारे. पैशासाठी त्यांनी ढिगाने कादंबऱ्या लिहिल्या. त्या ढिगात हे एक पुस्तक असं निघालं की मराठी ग्रामीण कादंबरीचा विषय निघाला की ते वगळता येत नाही. शिंप्याचं घर. नवरा महादेव, कामाला अंग चोरणारा, स्वभावाने दुबळा. बायको कौतिक, हट्टी, मानी, हातात काम नसेल तर अस्वस्थ होणारी. मुलगा नामा शिकेल, आपले दिवस पालटतील, या आशेवर ती जगते. महादेवला महारोग होतो. कौतिक दुसऱ्यांच्या शेतात राबते, उधारी फेडते, पुन्हा उधारी करते, आणि अखेरीस मोडते.

एवढ्यावरून ही आणखी एक रडकथा वाटेल, आणि निर्मात्यांना बहुधा तसंच वाटतं. पण ‘धग’ वाचताना रडू येत नाही, चीड येते, आणि मधूनच हसूही येतं. कारण कौतिक बोलते. ‘मले’, ‘तुले’, ‘करून राह्यली’ अशा वऱ्हाडीत ती नवऱ्याला टोचते, शेजारणीला उत्तर देते, पोरांना शिव्या घालते, आणि त्याच दमात चूल पेटवते. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत, अशी ही घडण आहे. पटकथाकाराला याहून सोपी कादंबरी मिळणार नाही. निवेदन कॅमेऱ्याने करायचं, आणि संवाद आहेत तसे उचलायचे.

‘कुणाच्या डोळ्यांनी’ हा प्रश्नही इथे आधीच सुटलेला आहे. पहिल्या पानापासून आपण कौतिकबरोबर आहोत. आणि तिच्या मनातलं सगळं कामात दिसतं. कापूस वेचायला निघालेल्या बाया कमरेला फडकं बांधतात, पऱ्हाटीच्या ओळीतून वाकून पुढे सरकतात, बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटं सोलून निघतात, आणि संध्याकाळी मालकाच्या काट्यावर ज्याचं त्याचं वजन होतं. त्या काट्याभोवती उभ्या असलेल्या बायांचे चेहरे, वजन करणाऱ्याचा हात पारड्यावर जरा जास्त टेकलाय का हे बघणारे त्यांचे डोळे: यात शोषणावरचं एक अख्खं भाषण बसतं आणि कुणाला ते द्यावं लागत नाही. घरी आल्यावर नवरा खाटेवर पडलेला. ती काही बोलत नाही, आधी पाणी पिते. दिग्दर्शकाने एवढं नेमकं टिपलं तरी पुष्कळ झालं.

इथे एक घोटाळा सांगायला हवा. ‘धग’ नावाचा मराठी चित्रपट आहे, आणि तो चांगलाही आहे. शिवाजी लोटन पाटलांना त्यासाठी दिग्दर्शनाचा आणि उषा जाधवला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, साठाव्या वर्षीचा. पण ती प्रेतांना अग्नी देणाऱ्या कुटुंबाची गोष्ट आहे. शेळक्यांच्या कादंबरीशी तिचा संबंध नाही. नाव तेच असल्यामुळे ‘धगवर सिनेमा आला की’ असं सांगणारे लोक भेटतात, आणि कौतिक बिचारी रांगेत आणखी मागे जाते.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’चं नशीब वेगळं. २००२ ची ही कादंबरी बुलडाण्याकडची. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ, कोरडवाहू शेती, आणि घरातल्या घरात रोज वाढणारी चिडचिड. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. २०१२ मध्ये धीरज मेश्राम यांनी त्यावर चित्रपट केला, सीमा बिश्वास वगैरे ताकदीचे नट घेऊन, पण हिंदीत. हिंदीत केल्याने चित्रपट देशभर जाऊ शकतो, हा हिशेब समजतो. पण ‘बारोमास’मधल्या माणसांचं भांडण हिंदीत झालं की ते कुठल्याही कोरडवाहू गावातलं होतं. कादंबरीतल्या सांजोळ गावचं राहत नाही.

याउलट सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) पाहावा. तो कुठल्या पुस्तकावर नाही, पण विदर्भातल्या शेतकऱ्याची गोष्ट कशी सांगायची याचा धडा आहे. शेजाऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाला भीती बसते की आपला किसनाही तसंच करेल. मग ती लहानग्या दिनूला बापाच्या मागे लावून देते, आणि नवऱ्याचं मन राखायला घरात नाही-नाही ते गोडधोड करते. किसनाला बिचाऱ्याला कळत नाही, हा एवढा पाहुणचार कशाला. पोटात गोळा आणणारा विषय, आणि आपण हसतोय. वऱ्हाडी माणूस संकटात असाच वागतो. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी ती बोली कमावली होती, आणि ती कानाला खटकत नव्हती.

बोली कमवणं जमतं, मग इतकी वर्षं का जमलं नाही? याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. मराठी सिनेमा कोल्हापुरात वाढला. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथली, प्रभातही १९२९ मध्ये तिथेच सुरू झाली, नंतर पुण्याला गेली. त्यामुळे ‘गाव’ म्हटलं की मराठी पडद्यावर उसाचा फड, फेटेवाला पाटील आणि तमाशाचा तंबू येतो. पऱ्हाटी, तूर, ज्वारीचं गाव त्या वाटेवर नव्हतं. वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं तर ते विनोदाला, नोकर म्हणून नाहीतर गावंढळ पाहुणा म्हणून.

दुसरं कारण धंद्याचं. १९५६ पर्यंत वऱ्हाड आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होता. प्रांत मोडला, महाराष्ट्र झाला, पण चित्रपट वितरकांच्या वहीत हा मुलूख आजही ‘सी.पी. बेरार’ आहे. मुंबई-पुण्याचा वितरक वेगळा, इकडचा वेगळा. नागपूर-अमरावती-यवतमाळच्या थिएटरांना हिंदी चित्रपटाची सवय जुनी. मराठी चित्रपट पहिल्या शुक्रवारी इथे लागेलच याची खात्री नसते. ज्या भागातली गोष्ट आहे त्या भागातच तो धड लागत नसेल, तर निर्माता सातशे किलोमीटर लांब युनिट घेऊन का येईल? गावाची गोष्ट वाई-भोरच्या आसपास उरकली तर माणसं रात्री घरी जातात.

पण त्याने जे हुकतं तेही सांगतो. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला येणारी शकुंतला आता बंद आहे. अरुंद रुळांची ही गाडी ब्रिटिश कंपनीने कापूस वाहायला टाकली, आणि स्वातंत्र्यानंतरही तिची मालकी त्या कंपनीकडेच राहिली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. जुन्या वऱ्हाडावरच्या कुठल्याही कादंबरीत ही गाडी पात्र होऊ शकते. रूळ अजून जागोजाग दिसतात, पण त्यांच्यावर झुडपं उगवलीत. जितका उशीर होईल तितका हा खर्च कलादिग्दर्शकाच्या अंगावर पडेल.

‘धग’ आणि ‘वाडा’ यांच्यापलीकडची नावं थोडक्यात घेतो. मनोहर तल्हारांची ‘माणूस’, अमरावतीच्या रिक्षावाल्याची कादंबरी. सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या मागे शहरभर फिरणारा कॅमेरा ही कल्पनाच पुरेशी आहे. मधुकर वाकोडे यांची ‘झेलझपाट’ मेळघाटातल्या कोरकूंची. ही करायची तर कोरकू बोलणारी माणसं घेऊनच, नाहीतर करू नये. आदिवासी म्हणून डोक्याला पिसं लावून नाचवलेली माणसं आपण पुरेशी पाहिली. विलास मनोहरांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ गडचिरोलीतल्या माडिया तरुणाची. त्यात नक्षलवादी होण्याआधीचं सगळं आयुष्य आहे, आणि बातमी जे सांगत नाही ते तेच. प्रतिमा इंगोले यांच्या वऱ्हाडी कथा लघुपट करू पाहणाऱ्या पोरांनी आधी वाचाव्यात. मोठं बजेट लागत नाही, एक घर आणि चार बाया पुरतात.

आत्माराम राठोड यांचं ‘तांडा’ हे आत्मकथन वेगळं काढून ठेवतो. पुसद, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यात बंजारा तांडे दाट आहेत. वसंतराव नाईक, महाराष्ट्राचे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले, पुसदजवळच्या गहुलीचे. एवढा मोठा समाज, त्याची स्वतंत्र बोली, होळीच्या लेंगी, आरशांच्या फेट्या-कांचळी, आणि मराठी पडद्यावर तो दिसतो कुठे? गाण्याच्या मागे नाचताना. आत्मकथनाचा चित्रपट करायचा तर एक अडचण येते: आयुष्याला कथानक नसतं. त्यावर उपाय जुनाच आहे. अख्खं आयुष्य घेऊ नये, एक वर्ष घ्यावं. तांड्यातला मुलगा पहिल्यांदा शाळेत बसतो, आणि मास्तर त्याच्याशी मराठी बोलतो जी त्याच्या घरात कुणी बोलत नाही. त्या एका वर्षात पुस्तकातलं बाकीचं सगळं झिरपत येतं.

आणि हसणं विसरू नये. यवतमाळच्या शंकर बडेंनी ‘बॅरिस्टर गुलब्या’ एकट्याने उभा करून गावोगावची पब्लिक लोळवली. पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ वऱ्हाडी पाटलाच्या तोंडून सगळ्या देशाची टिंगल करते. तिच्यात आवाजच नायक आहे, म्हणजे ‘कोसला’ची अडचण इथेही आहेच. फरक इतकाच की हा आवाज मोठ्याने, समोर लोक बसवून बोलण्याचा आहे. पारावर बसून सांगणारा एक पाटील आणि तो जे सांगतो त्याच्या नेमकं उलट पडद्यावर दिसणारं गाव, असं केलं तर जमेल असं वाटतं.

हे सगळं ज्याला मनावर घ्यायचंय त्याने कॅमेरा भाड्याने आणायच्या आधी एक काम करावं: हक्कांची चौकशी. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं पुस्तकाचे हक्क लेखकाकडे किंवा वारसांकडे असतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून मोकळी झाली. अत्रे यांनी १९५३ मध्ये तिच्यावर चित्रपट करून पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं होतं, डहाकेंनी २०२३ मध्ये पुन्हा केला. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०३० मध्ये मोकळं होईल. शेळके गेले १९९२ मध्ये. म्हणजे ‘धग’साठी २०५२ च्या अखेरपर्यंत वारसांची लेखी परवानगी लागेल, आणि ती नीट वाचून घ्यावी लागेल. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास ते आपोआप सुटतात. कादंबरीचे हक्क घेऊन कपाटात ठेवणाऱ्या निर्मात्यांना हे कलम आवडत नाही, म्हणून ते करारात ‘वेगळं’ म्हणून घेतात. वारसांनी तिथेच हात आखडावा आणि मुदत घालून घ्यावी: दोन वर्षांत चित्रीकरण सुरू नाही, तर कौतिक परत आमच्या घरी.